मुक्काम क्राकूफ, वार सोमवार

कोल्हापूरच्या माणसाला परमुलखात एका गोष्टीची धास्ती असते. हॉटेलच्या मेनूकार्डात आपल्या गावाचं नाव सापडेल, याची. ‘व्हेज कोल्हापुरी’ मी दिल्लीत पाहिलं, बंगळूरला पाहिलं आणि काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात बर्लिनमध्येही पाहिलं. लालभडक रंग, वर बोटभर तेल, आत ढोबळी मिरची आणि चक्क काजू. आमच्या घरात असलं काही आजवर शिजलेलं नाही. आमच्या तांबड्या रश्शाची गंमत खोबरं-तिळाच्या वाटणात आणि हाडाच्या उतरलेल्या अर्कात असते, आणि पांढरा रस्सा तर रंगानंच पांढरा. पण जगानं ठरवलंय की कोल्हापूर म्हणजे जिभेला चटका. मग दुसऱ्या कुणाच्या गावात जाऊन ‘इथलं अस्सल काय मिळेल हो’ असं विचारताना मला जरा लाजच वाटते. मी विचारते, आणि समोरचा मला त्याचं व्हेज कोल्हापुरी आणून देतो, असं तर नाही ना?

त्या डिसेंबरात मी आणि ताई भाच्याकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे, बर्लिनला गेलो होतो. तो दिवसभर ऑफिसात, आम्ही दोघी खिडकीशी. आठवडाभरात आमच्या खिडकीत बसण्याला तोच कंटाळला आणि म्हणाला, “तुम्ही दोघी पोलंडला जाऊन या. क्राकूफ. थेट गाडी आहे.” त्यानं फोनवर दहा हॉटेलांची यादी पाठवली. प्रत्येकापुढे तारे. ताई बँकेतून निवृत्त झालेली, आकड्यांवर तिचा विश्वास आहे पण ताऱ्यांवर नाही. “दहाच्या दहा साडेचारच्या वर कसे?” तिनं विचारलं. “एखादा तरी नापास होईल की.”

रविवारी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा अंधार पडून तीन तास झाले होते. डिसेंबरात तिकडे साडेतीन-पावणेचारलाच दिवस मिटतो. रिनेक ग्वुव्नी हा तिथला मुख्य चौक 1257 साली आखलेला, साधारण दोनशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद. मधोमध सुक्येनित्से, म्हणजे जुना कापडबाजार. चौकात नाताळची जत्रा भरलेली. मारियात्स्की चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तुतारीवाल्याच्या गळ्यात चाल करून आलेल्या तातारांचा बाण घुसला म्हणून, असं सांगतात. थंडी, दिवे, तुतारी, दोघींच्या पोटात भूक. अशा वेळी माणूस जी चूक करतो तीच आम्ही केली. चौकाच्या कडेच्या, दाराशी भरतकामाचा जाकीट घातलेला पोरगा उभा असलेल्या हॉटेलात शिरलो.

त्या हॉटेलाचं नाव सांगत नाही. सहा भाषांत मेनू, प्रत्येक पदार्थाचा फोटो. ‘पोलिश थाळी’ मागवली, तिच्यात पाच तऱ्हेच्या प्येरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या पिठाच्या पुड्या, पैकी एकीत पालक आणि फेटा चीज. न मागता आलेला पाव आणि चरबीची वाटी बिलात लागली होती. ताईनं चष्मा लावून बिल वरून खाली आणि खालून वर तपासलं. बेरीज बरोबर होती. “हिशेब चोख आहे,” ती म्हणाली, “माल खोटा.”

बाहेर जत्रेत एक बाई निखाऱ्यावर धुरकट चीजच्या चकत्या भाजत होती, वर लाल बोरांचा मुरंबा. पाटीवर ‘ओस्त्सिपेक’. खायला मस्त लागलं. पण ओस्त्सिपेक म्हणजे तात्रा डोंगरातल्या मेंढपाळांचं मेंढीच्या दुधाचं चीज, त्या नावाला 2008 पासून युरोपीय संरक्षण आहे, आणि ते उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरावर चरत असताना बनतं. मेपासून सप्टेंबरपर्यंत. डिसेंबरात चौकात मिळतं ते बहुतेक गाईच्या दुधाचं भावंड. हे मला माहीत होतं, ताईला सांगितलं. ती तिसरी चकती खात होती. म्हणाली, “गप खा. आमच्या इथं हापूस म्हणून काय काय खपतं.”

सोमवारी सकाळी खरी अडचण आली. ताईचा सोमवार. उपास नाही, पण मांसमच्छी वर्ज्य. पोलंडबद्दल जे थोडंफार ऐकलं होतं त्यात डुक्कर, डुकराची चरबी, डुकराचं सॉसेज आणि कोबीत शिजवलेलं डुक्कर होतं. मी म्हटलं, “आज बार म्लेच्नीत जाऊ.”

“म्लेंच्छ?”

“म्लेच्नी. म्लेको म्हणजे दूध. दुधाचा बार.”

ताईनं क्षणभर विचार केला. “म्हणजे गंगावेशीतला दूधकट्टा!”

मी हे लेखात लिहिणार होते, पण तिनं आधी म्हटलं. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढून पेला हातात देतात, आणि तालमीतली पोरं तिथंच उभ्यानं पितात. तशा म्हशी क्राकूफच्या बारमध्ये नव्हत्या. पण कल्पना त्याच घराण्यातली. पहिला असा बार 1896 साली वॉर्सात एका जमीनदारानं काढला, स्वतःच्या गाईंचं दूध खपवायला. दूध, अंडी, पीठ, भाजी, एवढ्यावर चालणारं स्वस्त जेवणघर. पुढं समाजवादी राजवटीत गिरणीच्या, कारखान्याच्या, कचेरीच्या माणसाला दुपारचं गरम जेवण मिळावं म्हणून सरकारनं असे बार गावोगाव काढले. 1989 नंतर पुष्कळसे बंद पडले. जे उरले त्यांतल्या अनेकांना अजून सरकारी अनुदान मिळतं, ते बिनमांसाच्या पदार्थांवर. म्हणजे पोलंड सरकार आमच्या ताईच्या सोमवाराला हातभार लावतंय, हे ऐकून ती भलतीच खूश झाली.

जुन्या गावात ग्रोत्स्का नावाच्या रस्त्याच्या आसपास एक सापडला. दाराशी कुणी उभं नव्हतं. आत भिंतीवर मोठा फलक, फक्त पोलिशमध्ये, फोटो एकही नाही. रांग. रांगेत एक आजीबाई चाकाची पिशवी घेऊन, दोन विद्यार्थी, एक पोस्टमन, आणि ट्रामच्या गणवेशातला एक माणूस. आधी गल्ल्यावर सांगायचं, पैसे द्यायचे, पावती घ्यायची, पावती पुढच्या खिडकीत द्यायची, हाक आली की ताट उचलायचं, आणि खाऊन झालं की ताट दुसऱ्या खिडकीत आपणच नेऊन ठेवायचं. हाक पोलिशमध्ये येते. आपली कोणती हे कळत नाही. तेव्हा आपल्या मागच्याला काय मिळालं यावर नजर ठेवावी, हा आमचा शोध.

गल्ल्यावरची बाई हसली नाही. तिला आमचं कौतुक नव्हतं आणि आमचा रागही नव्हता. मला ते फार आवडलं. मुख्य चौकातला जाकीटवाला पोरगा आम्हाला पाहून जितका आनंदला होता, तितकं आनंदण्यासारखं आमच्यात काही नव्हतं. गावच्या खानावळीत माणूस येतो, जेवतो, जातो. त्यात हसण्यासारखं काय असतं?

मी ‘प्येरोगी रुस्क्ये’ मागितल्या. बटाटा, आंबूस ताजं चीज आणि परतलेला कांदा यांचं सारण. त्या चीजला त्वारुग म्हणतात, आपला चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी. ताट आलं. अर्धचंद्राकृती, पांढऱ्या, वाफाळत्या. ताई म्हणाली, “उकडलेल्या करंज्या! पण मुरड नाही घातलेली. नुसत्या दाबल्यात. घाईत असतील.” आणि मग तिला वर पसरलेले बारीक तांबूस तुकडे दिसले.

“कांदा असेल,” मी म्हटलं.

ताईनं काट्यानं एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. तो कांदा नव्हता. तळलेल्या चरबीचे तुकडे, स्क्वार्की. आत शाकाहारी, वरून नाही. चूक माझीच, सांगायला हवं होतं. पावती घेऊन परत खिडकीशी गेले, फोनवर शब्द शोधला आणि ‘बेझ स्क्वार्कुफ’ असं काहीतरी बोलले. आतल्या बाईनं ताट घेतलं, मान हलवली, नवं ताट दिलं, वर वितळलेलं लोणी. एक अक्षर नाही. पुढच्या तीन दिवसांत ‘बेझ म्येन्सा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढा एक शब्दप्रयोग मी इतक्या सफाईनं वापरू लागले की ताई मला दुभाषी म्हणू लागली.

आमच्या टेबलावर जागा होती, म्हणून एक म्हातारे गृहस्थ विचारून बसले. ‘स्माच्नेगो’ म्हणाले. सावकाश जेवा, अशा अर्थाचं. तिथे अनोळखी माणूसही शेजारच्या ताटाला असं म्हणतो. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. “इंडिया?” “हो.” मला मोह झाला. कारण आमच्या ताटातली ती करंजी आणि आमचं गाव यांच्यात एक धागा आहे, तो मला त्या माणसाला सांगायचा होता.

धागा असा. ‘रुस्क्ये’ म्हणजे रशियन नव्हे. तो शब्द रुथेनियावरून आला, म्हणजे ल्वुफ शहराच्या आसपासचा मुलूख, जो आज युक्रेनात आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी तो पोलंडात होता. युद्धानंतर सीमारेषा पश्चिमेला सरकली, तिकडची पोलिश माणसं नव्या पोलंडात आली आणि येताना या बटाटा-चीजच्या प्येरोगी घेऊन आली. आज पोलंडभर सगळ्यात घरगुती, सगळ्यात ‘आपला’ म्हणतात तो पदार्थ असा हातातून निसटलेल्या जमिनीवरचा आहे. 2022 साली युक्रेनवर हल्ला झाल्यावर कित्येक ठिकाणी फलकावरचं ‘रुस्क्ये’ पुसून ‘युक्रेनी’ लिहिलं गेलं. पदार्थ तोच, नावानं पुन्हा गाव बदललं.

आणि त्याच पूर्वेच्या पट्ट्यातली हजारो माणसं 1940-41मध्ये सोव्हिएत राजवटीनं सैबेरियाकडे हाकलली. त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली, आणि 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. कौलारू बराकी, शाळा, चर्च, सगळं होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांना परत जायला गावच उरलं नव्हतं, ते सोव्हिएत हद्दीत गेलं होतं. ती इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, कुठं कुठं पांगली. मग त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले. आम्ही त्या जागेला गांधीनगर म्हणतो. घरात लग्न निघालं की कापडखरेदीला आख्खं कोल्हापूर तिथं लोटतं. ताईच्या लग्नाचा बस्ता तिथलाच. आम्ही तिथं शेकडो साड्या उलगडून पाहिल्या, पण आपण कुणाच्या स्वयंपाकघराच्या जागेवर उभ्या आहोत हे आम्हाला पंचविशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. वळिवड्यात त्या बायका कशाचं सारण भरत असतील? बटाटा मिळत असेल. म्हशीच्या दुधाचं त्वारुग जमलं असेल का?

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगायला सुरुवात केली. “कोल्हापूर,” मी म्हटलं. “वळिवडे. वॉर. पोलिश कॅम्प.” ते लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. “कोल्ड,” ते म्हणाले. गार होतंय, आधी खा. बरोबरच होतं. गार प्येरोगी रबरासारख्या लागतात. मी खाल्ल्या. ते त्यांचं बिटाचं सूप पीत राहिले, जाताना ताट खिडकीत ठेवून आमच्याकडे मान लववून गेले.

दोघींचं जेवण, दोन सुपं आणि सुक्या फळांचा कोम्पोत, सगळं मिळून साठ झ्वोतींच्या आत. ताईनं ती पावती पर्समध्ये जपून ठेवली आहे. रविवारच्या बिलाच्या शेजारी.

मंगळवारी काझिम्येशला गेलो. हे 1335 साली राजा काझिम्येशनं वसवलेलं वेगळं गाव, पुढं क्राकूफचा भाग झालं, आणि शतकानुशतकं ज्यू वस्तीचं. युद्धाआधी या शहरात चौथा हिस्सा ज्यू होते. 1941च्या मार्चमध्ये नाझींनी त्यांना नदीपलीकडच्या पोद्गुझेच्या घेट्टोत कोंबलं आणि तिथून मारायला नेलं. नंतरची कित्येक वर्षं काझिम्येशच्या रिकाम्या, गळक्या घरांत कुणी फारसं फिरकत नसे. भाडं नगण्य होतं. नव्वदच्या दशकात त्या स्वस्त, पडक्या खोल्यांत चित्रकार, विद्यार्थी, गाणारे-वाजवणारे शिरले, मोडकं फर्निचर तसंच ठेवलं, विजेऐवजी मेणबत्त्या लावल्या, आणि त्यातून ते बार झाले ज्यांच्यासाठी आज लोक विमानानं येतात. शेरोका चौकात ज्यू पद्धतीची हॉटेलं आहेत, संध्याकाळी व्हायोलिन वाजतं. तिथं जेवायला माझं मन झालं नाही. ते वाईट असतील असं नाही. पण ज्यांचं जेवण ते निघून गेल्यावर त्यांच्या नावानं मांडलेलं ताट, त्याला अस्सल म्हणायचं की श्राद्धाचं, हे मला ठरवता येईना. ताई म्हणाली, “पुढं चल.”

पुढं प्लात्स नोवी. मधोमध गोल इमारत, 1900 साली बांधलेली, एके काळी तिथं कोंबड्या कापत. आता तिच्या भोवती खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत झाप्येकांका. हातभर लांब पाव उभा चिरून त्यावर मशरूम, चीज, भट्टीत भाजून वर केचप. 1970च्या दशकात, टंचाईच्या काळात बाजारात जे मिळे त्यातून जमवलेला खाऊ. कुणी म्हणेल हे कसलं पोलिश खाणं, फ्रेंच पावाचं पिझ्झ्याशी लग्न. मला उलट वाटतं. मिसळीला तरी किती शतकांचा इतिहास आहे? ज्या पिढीनं जो खाऊ शाळा सुटल्यावर, पहिल्या पगारात, भांडण झाल्यावर खाल्ला, तो तिचा. तिकडे कोपऱ्यावर निळ्या गाड्यांवर ओब्वाझानेक मिळतात, पीळ दिलेली गोल कडी, आधी पाण्यात उकडून मग भाजलेली, वर खसखस किंवा मीठ. त्यांचा उल्लेख 1394 सालच्या राणी यादविगाच्या दरबारी हिशेबात आहे. एका चौकात सहाशे वर्षांचं आणि पन्नास वर्षांचं शेजारी शेजारी, दोन्हीपुढे पोरांची सारखीच रांग.

आणि आता बारचं सांगते, कारण खरं म्हणजे त्यासाठी हा लेख लिहायला घेतलाय.

आमच्याकडे बाईनं बारमध्ये जाऊन बसणं म्हणजे काय, हे कोल्हापुरात किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या गावात वाढलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. आमच्या बारचं नावच मुळी ‘परमिट रूम’. 1949च्या दारूबंदी कायद्यानं प्यायला परवाना लागतो, त्यावरून पडलेलं. काळ्या काचा, आत अंधार, जिन्याखाली मोरी. बाई आलीच तर तिच्यासाठी ‘फॅमिली रूम’, प्लायवूडचं पार्टिशन घातलेली, आणि तिच्याबरोबर फॅमिली असावी लागते. मी एकोणपन्नास वर्षांची, ताई त्रेसष्टची. दोघींनी मिळून आयुष्यात एकदाही, नुसत्या दोघींनी, बारमध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं.

काझिम्येशातल्याच ‘सिंगर’ नावाच्या बारच्या दारात ताई थबकली. आतून मेणबत्त्यांचा उजेड, बाकी काळोख. “अंधार आहे गं,” ती हळूच म्हणाली. म्हणजे तिला कोल्हापूरचा अंधार आठवला. मग डोळे सरावले. टेबलं म्हणजे जुनी शिलाई मशिनं. ताई बसली आणि तिचे पाय आपोआप खाली पायपट्टी शोधायला गेले. आईच्या मशिनवर आम्ही दोघी वाढलो, परकर-पोलकी, शाळेच्या पिशव्या, गोधड्या. ताई पायपट्टीवर पाऊल ठेवून बसून राहिली. ती मशिनं कुणाची होती, कोणत्या शिंप्याच्या घरातली, हा विचार माझ्या मनात आला. तिच्याही आला असणार. बोललो नाही.

डिसेंबरात तिथं बिअर गरम करून देतात, लवंग, दालचिनी, संत्र्याची फोड घालून. आणि थंड हवी असेल तर रासबेरीचं सरबत घालून, स्ट्रॉनं प्यायची. ‘पीवो स सोकेम’. तिथले पुरुष तिला बायकी म्हणून नाक मुरडतात म्हणे. ताईनं गरमही चाखली, पण तिचं मन स्ट्रॉवाल्या लाल बिअरवर बसलं. “रसना,” तिनं जाहीर केलं.

आम्ही साडेतीन तास बसलो. शेजारी एक मुलगी पुस्तक वाचत होती, तिच्यापुढे रिकामा कप, कुणी तिला उठवत नव्हतं. दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. एक कुत्रा टेबलाखाली झोपला होता. वेटर अधूनमधून येई, मेणबत्ती बदलून जाई. आणखी काय हवं, बिल आणू का, काही नाही. पाव पेला बिअरवर बसलेल्या दोन परदेशी बायकांकडे त्या काळोखात एकानंही वळून पाहिलं नाही. तासाभरानं ताई म्हणाली, “कुणी बघतच नाहीत गं आपल्याकडे.” पहिल्यांदा तिच्या आवाजात आश्चर्य होतं. दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हणाली तेव्हा खुर्चीत मागे रेलली होती, पायातले बूट काढलेले होते. मग तिनं मला भावोजी गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. घरात, माझ्या किंवा तिच्या, ते कधी बोललो नव्हतो. घरात कुकर असतो, बेल वाजते, कुणीतरी कुणालातरी चहा विचारतं.

तिथून एस्तेरी रस्त्यावर ‘आल्केमिया’त गेलो. तेही असंच मेणबत्त्यांचं, जुनाट, थोडं गलबल्याचं. मुख्य चौकाभोवतीच्या तळघरांतले बार पाहिले ते वरवरच. ती तळघरं एकेकाळी तळमजले होती, शतकानुशतकं रस्ता उंचावत गेला आणि घरं जमिनीत गेली, हे ऐकायला छान, पण आत गर्दी आणि कानठळ्या. त्यापेक्षा चौकातला कमानीखालचा छोटा ‘व्हिज-आ-व्ही’ बरा. बाहेर खुर्चीवर प्योत्र स्क्शिनेत्स्की यांचा पुतळा बसलेला, डोक्यावर हॅट. 1956मध्ये त्यांनी ‘पिव्हनित्सा पोद बारानामी’ हे तळघरातलं नाटक-गाण्याचं कॅबरे सुरू केलं, कठीण काळात लोकांना हसवलं. त्यांच्या शेजारी बसून ताईनं फोटो काढून घेतला. आत उंच काउंटरशी उभं राहून लोक एक घोट व्होडका आणि एक कप कॉफी एवढ्यावर अर्धा दिवस काढत होते. मुख्य चौकातच, त्या जाकीटवाल्यापासून दोन मिनिटांवर. रविवारी आम्ही त्याच्या दारावरूनच गेलो होतो.

बुधवार आमच्याकडे मटणाचा वार. “आज काय ते दाखव तुझं डुक्कर,” ताईनं परवानगी दिली. दुपारी झुरेक. राईचं पीठ पाण्यात, लसूण आणि तमालपत्र घालून चार-पाच दिवस आंबवायचं, त्या आंबवणाला झाक्वास म्हणतात. त्याचं सूप, आत पांढरं सॉसेज आणि उकडलेलं अंडं. पहिल्या चमच्यालाच दोघी एकमेकींकडे बघून एकदम म्हणालो, “आंबील.” आईची आंबील अशीच असे, ज्वारीची, ताकातली, लसणीची. सॉसेज सोडलं तर फरक फक्त धान्याचा.

रात्री हाला तार्गोव्हा या बाजाराशेजारी, ग्झेगुझेत्स्का रस्त्यावर, जुनी निळी निसा व्हॅन उभी होती. पांढरे कोट घातलेले दोघं लाकडाच्या जाळावर सॉसेज भाजत होते. 1991 पासून हे चाललेलं, रात्री आठला सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत. कागदी ताटली, सॉसेज, पाव, मोहरीची चटणी. खुर्ची नाही. थंडीनं नाक गळत होतं. रांगेत टॅक्सीवाले, सुटाबुटातला एक जण, पार्टीतून आलेली तीन पोरं, आणि आम्ही. धूर डोळ्यांत गेला आणि मला रंकाळ्यावर भेळेच्या गाडीशी उभं राहिल्यासारखं वाटलं, तिथं धूर नसतो तरी. ताईनं एक सॉसेज संपवलं, हात रुमालाला पुसले, आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली.

गुरुवारी निघायच्या आधी स्तारी क्लेपाशच्या मंडईत गेलो. पिंपातला आंबवलेला कोबी, दोऱ्यात ओवलेल्या सुक्या मशरूमच्या माळा, गावाकडून आलेल्या बायका, त्यांच्यापुढे त्वारुगचे पांढरे गोळे. ताईनं झाक्वासची बाटली घेतली. मी म्हटलं, आंबतंय ते, गाडीत फुटेल. ती म्हणाली, “इडलीचं पीठ नेलंय मी पुण्याहून नाशिकला.” जर्मनीची हद्द ओलांडल्यावर वरच्या फळीवरच्या पिशवीत ‘फट्’ असा आवाज झाला. समोरच्या जर्मन बाई आपली बॅग घेऊन पलीकडच्या डब्यात गेल्या.

निम्मी बाटली वाचली. शुक्रवारी संध्याकाळी भाचा ऑफिसातून आला तेव्हा ताई बर्लिनच्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात उभी होती. झाक्वास उकळलेला, बटाटा घातलेला, सॉसेज मिळालं नव्हतं, आणि हात राहवेना म्हणून वरून लसूण-जिऱ्याची फोडणी, चिमूटभर कांदा-लसूण मसाला. रंग तांबूस आला होता. भाच्यानं दोन वाट्या ओरपल्या. मग विचारलं, “आई, काय म्हणतात याला?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं.

“व्हेज कोल्हापुरी,” ती म्हणाली. “अजून वाढू?”